टोकं कापलेलं स्पिटफायर म्हणजे बिघडलेलं विमान नाही हो

फ्लाइट सिम, म्हणजे विमान उडवायचे कॉम्प्युटर गेम, खेळणाऱ्यांमध्ये एक मेसेज फिरतोय, की स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाची टोकं कापलेली विंग (पंख) घेतली की विमान वाया जातं, गेमवाल्यांनीच घोळ घातलाय. अर्धंच खरंय ते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी मुद्दामच टोकं काढली होती, स्पॅन, म्हणजे पंखांची या टोकापासून त्या टोकापर्यंतची लांबी, साधारण ३७ फुटांवरून ३२ वर आला, कारण जर्मन लढाऊ विमान एफडब्ल्यू १९० रोल करण्यात, म्हणजे कुशीवर कलंडण्यात, भलतंच चपळ होतं आणि स्पिटफायर कलंडेपर्यंत ते पसार. टोकं गेली की रोल झटपट होतो, खालच्या उंचीवर थोडा स्पीडही मिळतो. पण लिफ्ट (वर उचलणारा जोर) कमी आणि इंड्यूस्ड ड्रॅग (लिफ्टपायी होणारा हवेचा अडथळा) जास्त, मग २५ हजार फुटांवर नेऊन टाइट टर्न मारलात तर स्टॉल (लिफ्ट अचानक तुटणं) होणारच ना, त्यात गेमचा काय दोष! आधी खाली उडवून बघा.