मला थंड आहे

२०२५ च्या जूनमध्ये आमच्या ठाण्याच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दुसरा विषय नव्हता. पहिलीपासून हिंदी सक्तीची करणारा १६ एप्रिलचा शासन निर्णय, मग १७ जूनचा सुधारित, आणि २९ जूनला दोन्ही रद्द. मी इथे न्यू जर्सीत पहाटे उठून सगळं वाचत होते. निर्णय मागे घेतला तेव्हा जीव भांड्यात पडला. सहा वर्षांच्या पोरावर एकदम तीन भाषा लादायला माझा विरोधच आहे. त्याआधी ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा मी शेजारी पेढे वाटले होते.

त्या जुलैत आम्ही सुट्टीला ठाण्याला गेलो. ग्रुपवर मराठीसाठी तळमळून लिहिणारी आमची माणसं माझ्या आठ वर्षांच्या लेकीशी बोलायला लागली ती इंग्रजीत. "डू यू वॉन्ट पोळी?" तिला अवघड जाऊ नये म्हणून, प्रेमापोटीच. पण तिला मराठी कळत होतं, मोडकंतोडकं येतही होतं. एकदा तिने उत्साहाने "ती चमचा दे" म्हटलं आणि सगळे हसले. आठवडाभरात तिने मराठीत उत्तर देणं सोडलं. मला फार लागलं ते.

२०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या शाळांत, मग बोर्ड कुठलंही असो, मराठी शिकवणं सक्तीचं झालं. तो कायदा हवाच होता. पण माझा भाचा मराठीत चांगले मार्क मिळवतो आणि खाली सोसायटीत खेळतो, भांडतो हिंदी-इंग्रजीत. आमच्याकडेही तेच. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा इथे गावोगावी भरतात, स्वयंसेवक आपला रविवार देतात. मुलं बाराखडी गिरवतात, 'बाळ'मधला ळ घोटतात आणि वर्गाबाहेर पाऊल टाकताच इंग्रजीत शिरतात. आठवड्यातला दीड तास पुरणार तरी किती? जोशुआ फिशमन हे भाषाशास्त्रज्ञ कळकळीने सांगत, की घरात आईबापांकडून मुलांकडे भाषा गेली नाही, तर वरचे सगळे उपाय तोकडे पडतात. मी हे माझ्याच घरात पाहिलं.

गेल्या हिवाळ्यात आई सहा महिने आमच्याकडे होती. लेक बर्फातून आत आली की म्हणायची, "आजी, मला थंड आहे." हे वाक्य मी दहादा सुधारलं होतं. "थंड नाही गं, थंडी वाजते म्हणायचं." त्यावर ती माझ्याशी इंग्रजीतच बोलायची. आईने एकदाही सुधारलं नाही. "थंडी वाजतेय होय? ये, शालीत ये," एवढंच म्हणून तिला जवळ घ्यायची. तिसऱ्या आठवड्यात दारातूनच आवाज आला, "आजी, थंडी वाजतेय!" बूटसुद्धा काढले नव्हते.

आईला इंग्रजी फारसं येत नाही. शाळेतलं भांडण, मैत्रिणीचा अबोला, स्वप्नात आलेला कुत्रा, हे आजीला सांगायचं तर मराठीतच सांगावं लागे. म्हणून ते मराठी वाढलं. आई परत गेल्यावर आता रोज संध्याकाळी आमच्या वेळेला व्हिडिओ कॉल असतो, म्हणजे तिच्या पहाटे. ती त्यासाठी लवकर उठते. लेकीला आता 'रुसणं' आणि 'चिडणं' यातला फरक कळतो, तो कुठल्या धड्यातून आलेला नाही.

या डिसेंबरात आम्ही पुन्हा येतोय. मामा, मावशी, काका, सगळ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे: तिच्याशी मराठीत बोला. ती 'ती चमचा' म्हणाली तर "हा घे चमचा" म्हणून हातात द्या, हसू नका. शब्द आठवेना की ती वर छताकडे बघते. तेवढा वेळ थांबा.