फिडल, पेटी आणि वाढीव गुण

दहावीला शास्त्रीय कलांच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळू लागल्यापासून आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निकालाच्या सुमारास एक भांडण ठरलेलं असतं. मामा म्हणतात, गुणांसाठी पेटी शिकणाऱ्या पोरांनी संगीताचा बाजार मांडलाय, गुरूपुढे बसल्याशिवाय विद्या येत नाही. मावशीचं उत्तर तयार असतं : गुरूच्या घरी पाणी भरायला आता रिकामं कोण आहे? परीक्षा आहेत म्हणून निदान क्लास तरी भरतात.

मी नॉर्थ कॅरोलायनात राहतो आणि सत्तरी ओलांडलेल्या एका वादकाकडे फिडल शिकतो. वाद्य व्हायोलिनच, पण वाजवायचं ते अपालाचियन डोंगराळ भागातलं नाचाचं जुनं संगीत, ज्याला इथे ‘ओल्ड-टाइम’ म्हणतात. त्यांना ‘सर’ म्हटलं की दुसरं कोणी आलंय का म्हणून ते मागे वळून बघतात.

मामांना ही शिकवणी आवडेल. वही नाही, स्वरलिपी नाही. ते धून वाजवतात, पुन्हा वाजवतात, मी मागून चाचपडतो. डाव्या हाताची बोटं सोपी आहेत. सगळी गंमत उजव्या हातात, गजाच्या झोक्यात. पुष्कळ धुनांसाठी ते खालच्या दोन तारा चढवून ए-ई-ए-ई लावतात. म्हणजे चक्क सा-प-सा-प! आपल्याकडेही व्हायोलिन असं लावतात हे सांगितल्यावर त्यांनी त्या दिवशी दुसरं काही शिकवलंच नाही, मलाच प्रश्न विचारत बसले.

पण गज इथे वर न्यायचा की खाली, असं विचारलं की ते “थांब, बघतो” म्हणून वाजवतात आणि दर वेळी वेगळं वाजवतात. भातखंडे-पलुस्करांनी चिजा कागदावर उतरवल्या, त्याची किंमत मला इथे येऊन कळली.

शिवाय गुरू असला म्हणजे विद्या टिकते असंही नाही. जो थॉम्पसन हे मेबन गावचे कृष्णवर्णीय फिडलवादक. बँजोचं मूळ आफ्रिकेत, कृष्णवर्णीयांच्या फिडल-बँजोची परंपरा जुनी, तरी हे संगीत गोऱ्यांचंच अशी समजूत पसरली. थॉम्पसन म्हातारे झाले तेव्हा त्यांच्यासारखं वाजवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरले होते. 2005 पासून तीन तरुण त्यांच्या घरी नेमाने जाऊन वाजवायला लागले आणि त्यातून ‘कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स’ हा ग्रॅमी मिळवणारा बँड उभा राहिला. टॉमी जॅरेल या फिडलवादकाचंही तसंच. हयातभर रस्तेदुरुस्तीचं यंत्र चालवून 1966 साली निवृत्त झाले. मग टेपरेकॉर्डर घेतलेली शहरी पोरं माउंट एअरीजवळच्या त्यांच्या घरी येऊन थडकू लागली, मुक्काम करू लागली. त्यांनी कुणाला गंडा बांधला नाही की कुठली धून लपवून ठेवली नाही. घराण्याची चीज बाहेर जाऊ नये म्हणून जपणारे आपले उस्ताद आठवतात. त्या जपण्यात किती चिजा त्यांच्याबरोबरच गेल्या असतील!

मामा-मावशींच्या भांडणात ज्याचं नावही निघत नाही, ते मला इथे सापडलं : जॅम. कुणाच्या तरी अंगणात आठ-दहा जण गोल बसतात आणि एकच धून दहा-दहा मिनिटं, सगळे मिळून, पुन्हा पुन्हा वाजवतात. एकल वादन जवळजवळ नाहीच. नवखा मागच्या रांगेत बसून हळू आवाजात लावतो, चुकला तरी बाकीच्यांच्या आवाजात खपून जातं. वेस्ट व्हर्जिनियात क्लिफटॉपला 1990 पासून उन्हाळ्यात मेळावा भरतो. तिथे मंचावरच्या स्पर्धेपेक्षा तंबूंपुढे रात्रभर चालणारं वाजवणंच लोकांना प्यारं.

आपल्या भजनी मंडळात हेच होतं. पखवाजवाला तयारीचा, बाकीचे जमेल तसे. पण त्याला आपण भक्ती म्हणून बाजूला ठेवलं आणि संगीत म्हणजे परीक्षा नाहीतर मैफल, एवढंच धरलं. परीक्षेत शिकणारा उमेदवार असतो, गुरूपुढे भावी कलाकार. बेताचं वाजवणाऱ्या माणसाने पुढची चाळीस वर्षं कुठे वाजवायचं, हे दोघंही सांगत नाहीत.

माझी भाची पेटीची ‘मध्यमा पूर्ण’ परीक्षा पास झाली, वाढीव गुण मिळाले, पेटी माळ्यावर गेली. गुणांबद्दल माझी तक्रार नाही. मी ग्रुपवर एवढंच सुचवलं की सोसायटीत गणपतीचे दहा दिवस जी मंडळी टाळ घेऊन उभी असतात, त्यांनी पंधरवड्यातून एकदा खालच्या हॉलमध्ये पेटी-तबला घेऊन बसावं, तयारीची अट न ठेवता. मावशी म्हणाली, हॉलचं भाडं कोण भरणार? मामांनी विचारलं, शिकवणार कोण? भाचीने मात्र वेळ विचारली.