घरात तान्हे बाळ असताना फरशी कशी फोडावी

तान्ह्या बाळाच्या आगमनाचे निमित्त साधून राहत्या घराची तोडफोड करावी की नाही, असा प्रश्न काही भित्र्या माणसांना पडतो. आपल्याला तो पडलेला नाही, याबद्दल प्रथम आपले अभिनंदन. पुण्यात कोथरूड-कर्वेनगरच्या बाजूला चाळीसएक वर्षांपूर्वी उभ्या राहिलेल्या एखाद्या तीन मजली, बिनलिफ्टच्या इमारतीत आपल्या वडिलांनी कर्ज काढून घेतलेली सदनिका आहे, तिच्यात मोझॅकची फरशी, कडाप्प्याचा ओटा आणि दारे-खिडक्यांवर ऑइल पेंटचे थरावर थर आहेत, आणि पत्नीला पाचवा महिना लागला आहे. कामाला हात घालण्यास याहून चांगली परिस्थिती शोधून सापडणार नाही. ज्या फरशीवर आपण स्वतः रांगलात, आपटलात, कपाळाला खोक पाडून घेतलीत आणि तरीही अभियंता झालात, ती आपल्या अपत्याच्या गुडघ्यांना मानवणार नाही, हे आपण वेळीच ओळखले आहे. यापुढे कोणीही हरकत घेतली, तर ‘बाळासाठीच तर चाललंय सगळं’ एवढे एकच वाक्य पुरेसे आहे. ते पाठ करून ठेवावे. खर्चाला, धुळीला, आवाजाला आणि सासूबाईंना ते सारखेच लागू पडते.

शासनही आपल्या पाठीशी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि त्याच दिवशी लहान मुलांच्या डायपरवरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. सिमेंट आणि डायपर एकाच मुहूर्तावर स्वस्त व्हावेत, याचा अर्थ दिल्लीतही कोणीतरी आपल्यासारखाच विचार करणारा गृहस्थ बसला असावा.

कामाचा मुहूर्त ठरवताना माहेरपणाचे गणित नीट मांडावे. पहिले बाळंतपण माहेरी, हा आपल्या पूर्वजांनी ठेकेदारांच्या सोयीसाठी घालून दिलेला रिवाज आहे. सातव्या महिन्यात डोहाळजेवण उरकले की पत्नी माहेरी जाते. बाराव्या दिवसाचे बारसे, पुढे सव्वा महिना, आणि बाळ मान धरू लागेपर्यंत तिची आई काही तिला सोडत नाही. म्हणजे हाताशी पाच महिने झाले. ठेकेदार दोन महिन्यांचा शब्द देतो. उरलेले तीन महिने रंगाचा वास जाण्यासाठी राखून ठेवता येतात, असा हिशेब आपण कागदावर मांडाल, आणि तो कागद पुढे बाळाच्या वहीत चिकटवण्यासाठी जपून ठेवावा. त्यातला पहिला महिना सोसायटीच्या परवानगीत जातो, कारण सचिव गावाला गेलेले असतात. मग पितृपक्ष लागतो आणि त्या पंधरवड्यात नव्या कामाचा नारळ फोडू नये, असे आपली आई सांगते. त्यानंतर आपण निवडलेल्या रंगाच्या टाइल्स दुकानात नसतात. माल गुजरातेत, टाइल्सच्या कारखान्यांच्या मोरबीहून निघालेला असतो. मोरबीहून निघालेला माल आणि स्टेशनवरून निघालेला नातेवाईक यांची चौकशी फोनवर करू नये, कारण दोघेही नेहमी ‘पोचतच आलोय’ असेच सांगतात. माल येतो तेव्हा सुतार दिवाळीला गावी गेलेला असतो.

पत्नी दूर असली तरी तिला निर्णयप्रक्रियेत सामील करून घेणे, हे आधुनिक पतीचे कर्तव्य आहे. यासाठी उत्तम वेळ म्हणजे रात्रीचे दोन. त्या वेळी ती बाळाला पाजण्यासाठी उठलेली असणार, हे आपल्याला ठाऊक असते. सबब हस्तिदंती रंगाच्या चौदा छटांचे फोटो तेव्हाच पाठवावेत आणि खाली ‘घाई नाही, पण सकाळी नऊपर्यंत सांग’ असे लिहावे. तिने ‘कुठलाही चालेल’ असे कळवल्यास ती रस घेत नाही, असे समजावे. तिने एखादी छटा निवडल्यास दुकानदाराच्या सांगण्यावरून दुसरी घ्यावी. केंद्र सरकारी नोकरीत असाल, तर मिळणारी १५ दिवसांची पितृत्व रजा या कामी फार उपयोगी पडते. खासगी नोकरीत कायदा अशी रजा देत नाही, तेथे आजारपणाची रजा टाकून भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये प्लायवूड पाहायला जावे. प्लायवर आयएस ७१० चा, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचा, शिक्का आहे ना, हे स्वतः तपासावे. बाळाच्या लसीकरणाचे कार्ड कोठे ठेवले आहे, हे मात्र पत्नीला विचारावे.

बाळाचा तिसरा महिना संपता संपता पत्नी त्याला घेऊन परत येते. घराचे तेव्हा साधारण निम्मे काम झालेले असते, आणि ते निम्मेही तोडण्याचे असते. आपली आई भाकरतुकडा ओवाळून टाकायला दाराशी येते, तर उंबरठा नसतो. तो मोझॅकबरोबर फुटून गोण्यांत भरला गेलेला असतो आणि त्या गोण्या लिफ्ट नसल्यामुळे जिन्यात प्रत्येक मजल्यावर विसावा घेत असतात. अशा वेळी चेहऱ्यावर अपराधी भाव आणू नयेत. ‘आतली खोली एकदम तयार आहे’ असे म्हणावे. आतली खोली म्हणजे जिच्यात हॉलचा सोफा, स्वयंपाकघरातला फ्रिज, दोन कपाटे, देव आणि आपले वडील ठेवलेले असतात. त्यांच्यामध्ये पाळण्याला जागा होते. मच्छरदाणी धुळीसाठीही चालते.

दिनक्रमाची चिंता करू नये, तो आपोआप बसतो. सकाळी साडेनऊला मालिशवाल्या मावशी येतात. त्या बाळाला तेल चोळतात, पाय पसरून त्यावर पालथे घालून कढत पाण्याने न्हाऊ घालतात, ओवा-बाळंतशेपाची धुरी देतात, वेखंड लावतात, दुपट्यात घट्ट गुंडाळतात, आणि रडून दमलेले बाळ दहा वाजून पाच मिनिटांनी गाढ झोपी जाते. सोसायटीच्या नियमानुसार ठोकाठोकी दहाला सुरू होते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा घालून दिली आहे आणि भिंत फोडणारा ब्रेकर जवळून शंभरीच्या आसपास बोलतो. पण ब्रेकर चालवणाऱ्याला हे ओरडून सांगितल्याशिवाय ऐकू जात नाही, आणि ओरडले की बाळ उठते. दुपारी दोन ते चार या वेळेत ज्येष्ठ नागरिकांच्या विश्रांतीसाठी काम बंद असते. त्या दोन तासांत इमारतीत चिटपाखरूही हालत नाही, आणि बाळ टक्क जागे राहून छताकडे पाहत असते. चारला कटर सुरू झाला की ते पुन्हा पेंगू लागते. काही अनुभवी आया सांगतात की, पुढे पुढे बाळाला आवाजाशिवाय झोपच येईनाशी होते. रविवारी काम बंद असल्यामुळे त्या दिवशी मिक्सर फिरवावा.

पत्नीची बाळंतपणाची रजा २०१७ च्या दुरुस्तीनंतर २६ आठवड्यांची झाली आहे. हा कायदा करताना संसदेच्या डोळ्यांसमोर स्तनपान आणि विश्रांती होती, असे म्हणतात. प्रत्यक्षात त्यातून सुटलेला मोठा प्रश्न देखरेखीचा आहे. ‘ती घरीच तर आहे’ या तत्त्वानुसार प्लंबर आला का, त्याने कोठल्या भिंतीत झिरी मारली, बिगाऱ्यांना सकाळ-संध्याकाळ चहा मिळाला का, हे सर्व तिने पाहावे आणि संध्याकाळी आपल्याला अहवाल द्यावा. आपण कार्यालयातून फोन केल्यावर पाठीमागे बाळाचे रडणे आणि ड्रिल एकदम ऐकू आले, तर ड्रिलबद्दल विचारावे.

आता न्हाणीघराकडे वळू, कारण या प्रकल्पाचा प्राण तेथे आहे. जाणते लोक एका वेळी एकच न्हाणीघर फोडायला सांगतात. ‘साहेब, एकदाच काय ती तोडफोड होऊन जाऊ दे’ असे प्लंबर म्हणतो आणि त्याच्या बोलण्यातल्या वैराग्याने भारावून आपण दोन्ही एकदम फोडता. जुनी फरशी आणि कोबा काढून वॉटरप्रूफिंगचे थर दिले, की निचऱ्याचे तोंड बंद करून त्यात पाणी भरून ठेवावे लागते आणि किमान २४, शक्यतो ४८ तास खालच्या घराच्या छताला ओल येते का, ते पाहावे लागते. टाइल्स बसण्याआधी चूक पकडण्याची ही एकमेव संधी असते, म्हणून या ४८ तासांत कोणी नळही सोडायचा नसतो. नेमक्या याच वेळी मावशी तेलाची वाटी घेऊन उभ्या राहतात आणि ‘मी बाळाला घोटाभर पाण्यात बसून न्हाऊ घालू काय?’ असे विचारतात. मावशींच्या हाताखालून या परिसरातली दोन पिढ्यांची बाळे गेलेली असतात. त्यांच्याशी वाद घालण्याची हिंमत आपली आईही करत नाही. तेव्हा रात्रभर पाणी ठेवले तेवढे पुरे, असे प्लंबर, आपण आणि मावशी मिळून ठरवावे, सकाळी पाणी सोडून द्यावे आणि खालच्या काकांना ‘काही नाही ना?’ असे जिन्यातूनच विचारावे. काका चष्मा शोधायला आत गेले, तर उत्तराची वाट पाहू नये.

धुळीबाबत मात्र काही वेळा डॉक्टर घाबरवतात. त्यांचे म्हणणे असे की, घरगुती रंगांतल्या शिशावर दहा लाखांत ९० भागांची मर्यादा केंद्र सरकारने २०१६ साली घातली आणि ती पुढल्या वर्षी लागू झाली. त्यापूर्वीचा ऑइल पेंट कोरडाच घासला, तर त्याची धूळ फरशीवर, फरशीवरून हातांवर आणि हातांवरून बाळाच्या तोंडात जाते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार पोटात गेलेल्या शिशापैकी लहान मुले प्रौढांच्या चौपट-पाचपट शोषून घेतात. म्हणून रंग ओला करून घासावा, खोली बंद करावी, आणि त्या दिवसांत बाळ-बाळंतिणीला दुसरीकडे ठेवावे. या सगळ्यावर वडिलांचे उत्तर तयार असते: ‘आम्ही नाही का वाढलो?’ हा युक्तिवाद अजिंक्य आहे, कारण जे वाढले नाहीत ते प्रतिवाद करायला येत नाहीत. रंगारी ओल्याने घासायला तयार नसतो. त्यात वेळ जातो आणि त्याला पुढची साइट असते. दाराला एक जुनी चादर टांगावी. धूळ चादर पाहून परत फिरते.

बाळाच्या खोलीविषयी थोडे सांगायला हवे, कारण खर्चाचा मोठा वाटा तिच्यावरच पडतो. तिला आकाशी रंग, एका भिंतीला ढगांचा वॉलपेपर आणि छताला पीओपी करून त्यात लपवलेले दिवे असावेत. ही खोली फोटोत फार छान दिसते. बाळ तिच्यात झोपत नाही. ते आईच्या कुशीत झोपते, नाहीतर साडीच्या झोळीत. झोळी ज्या कडीला बांधायची, ती चाळीस वर्षांपूर्वीच्या गवंड्याने न सांगता स्लॅबमध्ये ठेवली होती आणि तिला आपण स्वतः, आपली बहीण, दोन चुलतभाऊ असे सगळे लोंबकळलेले आहात. पीओपीवाल्याने ती छताआड झाकून टाकली आहे. नेमकी कोठे, हे त्याला आठवत नाही. ती शोधण्यासाठी नव्या छताला भोके पाडावी लागली, तर पहिले भोक ढगांच्या बाजूने पाडावे, म्हणजे ते पावसाळी वाटते.

यथावकाश काम संपते, किंवा ठेकेदार यायचा थांबतो. उष्टावणाला नातेवाईक जमतात, हॉलमधल्या दोन बाय चारच्या चकचकीत टाइल्सवरून मोजे घालून चालताना भिंतीचा आधार घेतात, आणि ‘जरा डार्क घ्यायला हव्या होत्या’ असे मत देतात. बाळ रांगू लागले, की त्याचे गुडघे त्या गुळगुळीत फरशीवर मागे सटकतात. हनुवटी आपटल्यावर पत्नी बाजारातून फोमची रंगीत चटई आणून हॉलभर अंथरते, आणि ज्या छटेसाठी आपण एका अर्भकाच्या आईला सलग कित्येक रात्री जागवले, ती छटा पुढची दोन वर्षे कोणालाही दिसत नाही. काचेचा टीपॉय कपाटावर चढतो. नव्या प्लगांच्या भोकांवर चिकटपट्टी येते.

मग एका सकाळी खालचे काका वर येतात. त्यांना चष्मा सापडलेला असतो आणि हातातल्या मोबाइलमध्ये त्यांच्या न्हाणीघराच्या छताचा फोटो असतो. प्लंबर येऊन टाइल्सवर चार ठिकाणी टकटक करतो, मान हलवतो आणि वरून काही होणार नाही, पूर्ण फोडावे लागेल, असे सांगतो. या वेळी घाई न करता मे महिन्याची वाट पाहावी, कारण उन्हाळ्यात पत्नी पंधरा दिवस माहेरी जातेच. ठेकेदारानेही आठ दिवसांचा शब्द दिलेला आहे. सोसायटीत राडारोड्याची नवी अनामत भरताना जुनी पावती बरोबर न्यावी. पहिली रक्कम अजून परत मिळालेली नाही आणि सचिव पुन्हा गावाला गेले आहेत.