लाइट गेली की अण्णा सुरू होतात

लाइट गेली की शेजारपाजारी मेणबत्त्या शोधतात. आमच्याकडे चपला शोधतात. कारण बाल्कनीतल्या आरामखुर्चीतून तेवढ्यात आवाज येतो, "जावईबापू, बसा जरा. मुळात वीज येते कुठून, ते समजून घ्या."

अण्णा म्हणजे माझे सासरे. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळातून इंजिनिअर म्हणून रिटायर झाले. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर चार दिवस राहायला आले ते राहिलेच. माणूस लाखमोलाचा, फक्त टीव्ही आणि मोबाइल चालू असताना त्यांना श्रोते मिळत नाहीत. अंधार पडला की घरातले सगळे आयते सापडतात.

खरं तर आमची लाइट जाते ती आमच्याच कर्माने. बिल्डिंगचं वायरिंग जुनं. मी गीझर लावतो, त्याच वेळी बायको इस्त्री लावते, मुलाचा एसी चालूच असतो, आणि खाली मीटरच्या खोलीत एमसीबी, म्हणजे लोड वाढला की आपोआप बंद होणारा स्विच, खटकन पडतो. तो वर करायला दोन मिनिटं पुरतात. पण कारण समजून न घेता एमसीबी वर करणं हा अण्णांच्या दृष्टीने गुन्हा आहे, आणि कारण सुरू होतं २० जून १९६० पासून. त्या दिवशी मंडळ स्थापन झालं. वडील असते तर "पुरे हो बाबा" म्हणता आलं असतं. सासऱ्यांना "हो का?" एवढंच म्हणता येतं, आणि त्याला ते प्रश्न समजतात.

कोयना हे अण्णांचं कुलदैवत. "सह्याद्रीच्या पलीकडे पडलेलं पाणी मुकाट्याने कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जायचं. आम्ही ते अडवलं आणि डोंगर फोडून कोकणात उतरवलं." हे 'आम्ही' फार लवचीक आहे. धरण बांधलं जात होतं तेव्हा अण्णा शाळेत होते. १३ मार्च १९९९ च्या लेक टॅपिंगची गोष्ट तर ते उभं राहून सांगतात. जलाशय रिकामा न करता तळाखालून बोगदा नेला, शेवटचा खडक सुरुंगाने उडवला आणि पाणी आपणहून आत आलं. सुरुंगाचा आवाज अण्णा तोंडाने काढतात, तेव्हा खालच्या मजल्यावरचं बाळ उठतं. कोयनेची क्षमता १९६० मेगावॅट आणि मंडळाचं जन्मसालही १९६०, याला ते योगायोग मानायला तयार नाहीत.

मी एकदा घाबरत विचारलं, "अण्णा, ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप जलाशयातल्या पाण्यामुळे झाला, असं म्हणतात ना?"

"धरण उभं राहिलं की नाही?" अण्णा म्हणाले. विषय संपला.

कोळशाबद्दल ते एवढे हळवे होत नाहीत. चंद्रपूर २९२० मेगावॅट, कोराडी, खापरखेडा, भुसावळ, परळी, ही नावं गाडीतून दिसणाऱ्या स्टेशनांसारखी भराभर मागे पडतात. परळीला मात्र गाडी थांबते, कारण २०१३ च्या दुष्काळात तिथं संच बंद करावे लागले. कोळसा नव्हता म्हणून नाही, पाणी नव्हतं म्हणून. "कोळशाच्या विजेलाही पाणी लागतं हे लोकांना तेव्हा कळलं," असं म्हणून ते माझ्याकडे पाहतात. मलाही तेव्हाच कळलं होतं, पण मी मान अशी हलवतो जणू चौथीपासून ठाऊक होतं.

एन्रॉन हा शब्द आमच्या घरात अंधारात उच्चारायला बंदी आहे. मुलाला हे कोणी सांगितलं नव्हतं. "आजोबा, एन्रॉन काय होतं?" असं तो विचारून बसला आणि बायकोने मला कोपराने ढोसलं. त्या रात्री आम्ही थंड वरण खाल्लं.

एन्रॉन ही अमेरिकेतली ऊर्जा कंपनी. तिच्या वीजप्रकल्पाचा करार झाला डिसेंबर १९९३ मध्ये. प्रकल्प गुहागर तालुक्यात, नाव दाभोळचं, पैसा अमेरिकेचा आणि गिऱ्हाईक एकच: मंडळ. वीज घ्या किंवा नका घेऊ, पैसे मोजायचे. त्यातही दराचा मोठा भाग डॉलरला बांधलेला, म्हणजे रुपयाला सर्दी झाली की मंडळाला ताप. १९९५ च्या निवडणुकीत एन्रॉन अरबी समुद्रात बुडवण्याच्या गर्जना झाल्या. गर्जना करणारे निवडून आले, त्यांनी ऑगस्टमध्ये प्रकल्प रद्दही केला, आणि पुढच्याच वर्षी नव्याने वाटाघाटी करून दुप्पट उत्साहाने तो बाहेर काढला. मे १९९९ मध्ये नाफ्था या खनिज तेलापासूनच्या इंधनावर वीज सुरू झाली. ती इतकी महाग पडली की दोन वर्षांत मंडळाने घेणं थांबवलं. आणि डिसेंबर २००१ मध्ये खुद्द एन्रॉनच दिवाळखोरीत निघाली. "बुडवायची होती अरबी समुद्रात," अण्णा पाणी पीत म्हणाले, "बुडाली टेक्सासात. आम्ही मात्र इथंच ओले झालो."

शेतीपंपांवर अण्णा आणि माझा गावाकडचा चुलतभाऊ यांचं जमत नाही. अण्णांचं म्हणणं, कितीतरी पंपांना मीटर नाही, बिल हॉर्सपॉवरवर, मग चोरी-गळतीत हरवलेली वीज खुशाल शेतकऱ्याच्या नावावर टाकता येते. भावाचं म्हणणं, नाव आमचं घ्या, पण रात्री दोनला पाणी भरायला तुम्ही या. दोघंही बरोबर आहेत आणि त्यामुळे जेवणं लांबतात. २००४ च्या निवडणुकीआधी शेतीची वीज फुकट झाली, निवडणुकीनंतरच्या वर्षी ती सवलत गेली, आणि २०२४ मध्ये साडेसात हॉर्सपॉवरपर्यंत पुन्हा फुकट. अण्णा म्हणतात, "मंडळाला पंचवार्षिक योजना नव्हती, पंचवार्षिक निवडणूक होती."

६ जून २००५ ला मंडळाची कंपन्यांमध्ये वाटणी झाली. वीज बनवायला महानिर्मिती, वाहून न्यायला महापारेषण, घरोघरी द्यायला महावितरण, आणि सगळ्यांच्या वर एक सूत्रधारी कंपनी. अण्णा त्याच वर्षी रिटायर झाले. या दोन घटनांचा संबंध ते स्वतः जोडत नाहीत, पण आपण जोडला तर नाकारतही नाहीत. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई अंधारात गेली तेव्हा त्यांनी दिवसभर बातम्या पाहिल्या आणि प्रत्येक वाहिनीला "आधी ठाण्याजवळच्या कळव्याच्या सबस्टेशनला विचारा!" असं ओरडून सांगितलं.

परवा सोसायटीच्या सभेत गच्चीवर सौर पॅनेल बसवायचा विषय होता. सेक्रेटरींना मी बजावलं होतं की अण्णांना बोलवू नका. त्यांनी 'तज्ज्ञ मार्गदर्शक' म्हणून पहिल्या रांगेत खुर्ची मांडली. अण्णा उठले. "सूर्य उत्तमच," ते म्हणाले, "पण तो संध्याकाळी घरी जातो आणि लोक संध्याकाळीच घरी येतात. त्या वेळी पटकन सुरू होतं कोण? कोयना!" मागच्या रांगेतले दोघे इथंच उठून गेले. लेक टॅपिंगच्या सुरुंगाला वॉचमन धावत आला.

सभेचं इतिवृत्त काल व्हॉट्सअपवर आलं. सौर पॅनेलचा विषय वेळेअभावी तहकूब. त्याखाली सेक्रेटरींनी लिहिलंय: 'आयत्या वेळचा विषय: एन्रॉन. चर्चा अपूर्ण, पुढील सभेत चालू.'