कवळीच्या क्लिपला सुपरग्लू लावू नका

‘कवळीची क्लिप सैल झाली, निघाली? घरीच बसवा, डॉक्टर कशाला!’ हा व्हिडिओ मावशीने घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली ‘आजच करते’ असंही लिहिलं. म्हणून एकेक दावा घेतो. (क्लिप म्हणजे काही दातांच्या कवळीला शेजारच्या खऱ्या दातावर पकडून ठेवणारा आकडा.)

‘निघालेली क्लिप सुपरग्लूने चिकटवा.’ सगळ्यात घातक सल्ला हाच. क्लिपची तार मुळात चिकटवलेली नसते. तिची वाकवलेली शेपटी कवळीच्या प्लास्टिकच्या, म्हणजे अ‍ॅक्रिलिकच्या आत रुतलेली असते आणि चावताना येणारा जोर तीच पेलते. सुपरग्लूचा थर ठिसूळ असतो, सततच्या ओलाव्यात आणि गरम घासापुढे तो टिकत नाही. मग जेवताजेवता क्लिप सुटते आणि टोकदार तार घासाबरोबर पोटात किंवा श्वासनलिकेत जाऊ शकते. क्लिप जराशी सरकून चिकटली, तर दात एका बाजूला ढकलला जातो तो वेगळाच. घरगुती दुरुस्तीसाठीच विकल्या जाणाऱ्या कवळीच्या किटवरसुद्धा अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय साधनांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने) इशारा सक्तीचा केला आहे: फक्त तातडीपुरतं वापरा, दीर्घकाळ वापरल्यास हाड लवकर झिजणं, जखमा आणि गाठी होऊ शकतात, विनाविलंब दंतवैद्याकडे जा. सुपरग्लू तर तोंडासाठी बनवलेलाही नाही!

‘सैल क्लिप पक्कडीने दाबा.’ यात अर्धं तथ्य आहे, मान्य. दंतवैद्यही पक्कडच वापरतात, पण टोकाकडचा भाग किंचित वळवून, दर वेळी तोंडात घालून बघत. कवळी बसल्यावर क्लिपने दात दाबायचा नसतो. ती फक्त निघू पाहताना अडली पाहिजे. दाताच्या फुगवट्याखाली ओतीव कोबाल्ट-क्रोम या मिश्रधातूची क्लिप जेमतेम ०.२५ मिमी अडकते, तारेची ०.५ मिमी. एवढ्या मापात अंदाजपंचे चालत नाही. शिवाय कोबाल्ट-क्रोम पुन्हा पुन्हा वाकवली की तुटतेच.

‘उकळत्या पाण्यात घालून वळवा.’ अ‍ॅक्रिलिकची कवळी वेडीवाकडी होईल आणि पुन्हा हिरडीवर बसणार नाही. नायलॉनच्या लवचीक कवळीची क्लिप गरम पाण्यात मऊ करून वळवतात, पण तेही जाणकाराचंच काम.

खरी दुरुस्ती अशी होते: कवळी तोंडात बसवूनच माप घेतात, ती मापासोबत उचलली जाते, त्यात प्लास्टर ओतून मॉडेल करतात. साधारण ०.८ ते ०.९ मिमी जाडीची स्टेनलेस स्टीलची तार दाताला जुळवून वळवतात, अ‍ॅक्रिलिकमध्ये खाच कोरून शेपटी तीत बसवतात आणि कोल्ड-क्युअर (उष्णता न देता घट्ट होणारं) अ‍ॅक्रिलिक भरून प्रेशर पॉटमध्ये (दाबाच्या बंद भांड्यात) पक्कं करतात.

मावशी, तोवर कवळी घालू नकोस. पाण्यात ठेव आणि निघालेली क्लिपही डॉक्टरांकडे घेऊन जा.