किंडरडाइकच्या पवनचक्क्यांत गहू दळला जात नव्हता

नेदरलँड्समधील किंडरडाइक येथील १९ पवनचक्क्यांच्या छायाचित्रासोबत एक मजकूर मोठ्या प्रमाणावर पुढे पाठवला जात आहे. पवनचक्कीचा शोध डच लोकांनी लावला, किंडरडाइकच्या चक्क्यांत शतकानुशतके गहू दळला गेला आणि विजेविना त्याच चक्क्या आजही देशाला समुद्रापासून वाचवतात, असे त्यात म्हटले आहे. यातील एकही विधान खरे नाही.

शोधाच्या श्रेयाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. इराण आणि अफगाणिस्तानच्या सीमेवरील सीस्तानमधील पवनचक्क्यांची नोंद दहाव्या शतकातील अरबी ग्रंथांत आढळते, तर आडव्या आसाच्या युरोपीय चक्कीचे उल्लेख बाराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इंग्लंड आणि उत्तर फ्रान्समधील कागदपत्रांत मिळतात.

दुसरे विधान अधिक नुकसान करणारे आहे, कारण त्यामुळे या जागेचा मूळ इतिहासच पुसला जातो. धान्य दळणाऱ्या चक्क्या नेदरलँड्समध्ये पुष्कळ होत्या आणि स्खीडाम शहरातील उंच चक्क्या त्यासाठीच बांधल्या गेल्या. किंडरडाइकच्या चक्क्यांचे काम मात्र पाणी उपसण्याचे होते. येथील दलदलीची जमीन शेतीसाठी कोरडी करताच ती आटून खचू लागली, नद्यांची पातळी तिच्या तुलनेत वर गेली आणि ओहोटीच्या वेळी दारे उघडून पाणी सोडून देण्याचा जुना उपाय अपुरा पडला. म्हणून खोल शेतजमिनीतील पाणी एका खालच्या जलाशयात, तेथून १७३८ आणि १७४० मध्ये बांधलेल्या १६ चक्क्यांनी वरच्या जलाशयात आणि नदीची पातळी उतरल्यावर लेक नदीत, अशी टप्प्याटप्प्याची रचना उभी राहिली. वरची पाती वाऱ्याने फिरली की खालचे फळ्यांचे मोठे चाक पाणी वर ढकलत असे. माणसाने जमीन कोरडी केल्यामुळेच उद्भवलेल्या संकटावर माणसांनी एकत्र येऊन केलेला हा उपाय आहे, आणि माझ्या मते या चक्क्यांचे खरे मोल त्यातच आहे. युनेस्कोने १९९७ मध्ये हा परिसर जागतिक वारसा ठरवला, तोही जलव्यवस्थापनाचा नमुना म्हणूनच.

आता तिसरे विधान. या चक्क्या समुद्र अडवत नव्हत्या. त्या पावसाचे आणि झिरपलेले पाणी बाहेर काढत होत्या. समुद्राला अडवण्याचे काम बांध करतात, आणि १९५३ मध्ये ते फुटले तेव्हा नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसे मृत्युमुखी पडली; त्यानंतरच डेल्टा प्रकल्पाचे प्रचंड बांधकाम हाती घेण्यात आले. किंडरडाइकमध्येही १८६८ मध्ये वाफेवर चालणारे उपसा केंद्र आले. दुसऱ्या महायुद्धात इंधनाचा तुटवडा पडल्याने चक्क्या पुन्हा कामाला जुंपल्या गेल्या, हे खरे; परंतु आज तेथील पाण्याचा भार १९७२ मधील केंद्राच्या भल्यामोठ्या स्क्रूपंपांसारखी आधुनिक यंत्रे वाहतात.