‘आपण सगळे बंदूकवाले एक’: कधी होतो?

ब्रिटनमधल्या शिकारी मंडळींत एक युक्तिवाद सतत फिरत असतो. नव्या निर्बंधाची बातमी आली की कुणीतरी तो पुन्हा चिकटवतोच. थोडक्यात असा: रानात लॉर्ड आणि मजूर खांद्याला खांदा लावून उभे असतात, तिथे वर्गभेद नसतो. आपल्यात फूट पाडली ती प्राणिमित्रांनी. एकी असती तर १९९७ साली पिस्तुलं गेली नसती आणि २००४ साली घोड्यांवरून, कुत्र्यांच्या टोळीमागे होणाऱ्या कोल्ह्याच्या शिकारीवर बंदीही आली नसती. तेव्हा आपल्याच माणसांवर टीका करू नका.

आधी खांद्याचं बघू. फेझंटच्या, म्हणजे कोंबडीएवढ्या रानपक्ष्याच्या, शिकारीचा मोठा दिवस असला की आठ-नऊ जण आखून दिलेल्या जागांवर बंदुका घेऊन उभे राहतात. एका जागेला दिवसाचे हजार पौंड सहज पडतात, ग्राउज, म्हणजे माळरानावरचा जंगली पक्षी, असेल तर त्याहून बरेच जास्त. समोरच्या झाडीतून काठ्या आपटत, पक्षी उठवत येतात ते हाकारे. त्यांना मिळते दिवसाची किरकोळ मजुरी, कधी संध्याकाळी पक्ष्यांची एक जोडी. पुष्कळ ठिकाणी दोघांची जेवणाची पंगतही वेगळी. यातले बरेच हाकारे हौसेने येतात आणि गप्पाटप्पा मनापासून होतात, हे मान्य. पण त्यांच्या हाती बंदूक येते ती हंगाम सरताना, १ फेब्रुवारीच्या अलीकडे, खास ‘हाकाऱ्यांचा दिवस’ ठेवतात तेव्हा. उरलेसुरले पक्षी त्यांच्या वाट्याचे. वर्ग नाहीतच म्हणता, मग हा वेगळा दिवस कशाला लागतो?

फूट प्राणिमित्रांनी पाडली म्हणावं, तर त्यांची क्रूर खेळांविरुद्धची लीग स्थापन झाली १९२४ मध्ये. इंग्लंडचा शिकार कायदा १६७१ चा. जमिनीचं वर्षाला १०० पौंड उत्पन्न किंवा तसंच काही मोठेपण असल्याशिवाय माणसाला स्वतःच्या शेतातला ससा किंवा तितरही मारता येत नसे. ही अट गेली १८३१ मध्ये. तरीही खंडकऱ्याचं पीक खाणाऱ्या सशावर हक्क बहुधा जमीनदाराचाच राहिला, आणि कुळाला तो कायद्याने मिळायला १८८० उजाडलं. खाडीच्या चिखलात पहाटे बदकांची वाट बघणाऱ्यांनी १९०८ मध्ये स्टॅन्ली डंकन यांच्या पुढाकाराने आपली वेगळी संघटना काढली. आजची सर्वांत मोठी नेमबाजी संघटना, बीएएससी, तिच्यातूनच आली. गेमकीपरांनी, म्हणजे शिकारीचे पक्षी राखणाऱ्या नोकरांनी, स्वतःची राष्ट्रीय संघटना केली ती तर १९९७ मध्ये. इतक्या संघटना असताना त्यांना आणखी एक काढावीशी वाटली, यावरूनच काय ते समजावं.

खरा वादाचा मुद्दा तिसरा: एकीने बंदी टळली असती. १३ मार्च १९९६ ला डनब्लेनच्या शाळेत १६ मुलं आणि त्यांच्या शिक्षिका गोळीबारात मारल्या गेल्या. त्यानंतर पिस्तूलबंदीच्या मागणीवर सात लाखांहून अधिक सह्या झाल्या. त्या लाटेपुढे शॉटगनवाल्यांचे, म्हणजे छऱ्यांच्या बंदुका बाळगणाऱ्यांचे, मोर्चे काय टिकले असते? मेजर सरकारच्या १९९७ मधल्या पहिल्या कायद्याने पॉइंट टू-टूची, म्हणजे लहान गोळीची, पिस्तुलं क्लबात कुलूपबंद ठेवायची सूट दिली. ब्लेअर यांच्या मजूर पक्षाच्या सरकारने त्याच वर्षी ती सूटही काढून घेतली. पिस्तूलवाल्यांची तक्रार अशी की शॉटगनवाले गप्प बसले. तक्रारीत तथ्य आहे. पण ते गप्प बसले कारण त्यांचं काही जात नव्हतं, आणि हितसंबंध वेगळे असले की असंच होतं.

कोल्ह्याच्या बाबतीत तर एकी होतीच की! २२ सप्टेंबर २००२ ला लंडनच्या रस्त्यांवर चार लाखांच्या आसपास माणसं उतरली. त्यांत सरदार होते, गेमकीपर होते, वेल्समधल्या खाणकामगारांच्या शिकारी क्लबांची परंपरा सांगणारेही होते. लॉर्ड्स सभागृह त्यांच्या बाजूचं. तरी कॉमन्सने, लॉर्ड्सचा विरोध डावलू देणारा पार्लमेंट ॲक्ट वापरून, २००४ मध्ये बंदी आणली. मासेमारीला मात्र कुणी हात लावला नाही. माशाच्या तोंडात गळ रुततो तो काही गुदगुल्या करायला नव्हे, पण गळ टाकणारे लाखो, आणि त्यांतले कितीतरी मजूर पक्षाचेच मतदार. बंदीनंतर घोडेस्वार मंडळींनी आधी टाकलेल्या वासामागे कुत्री सोडून लाल कोट, शिंग, सगळा थाट चालू ठेवला. सशांमागे कुत्री पळवण्याची वॉटर्लू कप स्पर्धा १८३६ पासून चालत आली होती. तिथे उमरावांबरोबर लिव्हरपूलचे कामगारही गर्दी करत. ती मात्र याच बंदीमुळे फेब्रुवारी २००५ मध्ये कायमची बंद पडली.

शेवटचा सल्ला, टीका करू नका. तो कुणाच्या सोयीचा? स्कॉटलंडमध्ये उपग्रह टॅग लावलेल्या १३१ सुवर्ण गरुडांपैकी ४१ संशयास्पदरीत्या गायब झाले, त्यांतले बरेच काही विशिष्ट ग्राउज माळांच्या आसपास, असं २०१७ च्या सरकारी अहवालात आहे. अशा बातमीनंतर सुक्याबरोबर ओलंही जळतं. ज्याने आयुष्यात ग्राउज माळावर पाऊल ठेवलं नाही, असा कबुतरं मारणारा शेतकरीही त्याच शिव्या खातो. त्याने का बोलू नये?

काडतुसांतल्या विषारी शिशाच्या छऱ्यांचंही तेच. इंग्लंडमध्ये बदकांसाठी शिसं १९९९ पासून बंद आहे. चिखलातल्या गड्यांनी कुरकुरत का होईना, पोलादी आणि इतर महागडी काडतुसं घेतली. फेब्रुवारी २०२० मध्ये नऊ संघटनांनी एका सुरात जाहीर केलं की पाच वर्षांत छऱ्यांतलं शिसं आपणहून सोडू. सामान्य सभासद म्हणाले, आम्हाला विचारलं कुणी? पाच वर्षं सरत आली तरी बाजारातल्या फेझंटमध्ये जवळपास सगळीकडे शिसंच सापडत होतं. जुलै २०२५ मध्ये सरकारने बंदी जाहीर केली. ती आता सगळ्यांना लागू होईल: हजार पौंड मोजून उभ्या राहणाऱ्यालाही, आणि आजोबांची जुनी बंदूक पोलादी छऱ्यांना चालेल का, या विवंचनेतल्या हाकाऱ्यालाही.